चौदा टक्के

२८ एप्रिल २०२३, शुक्रवार

काल संध्याकाळी साडेपाचला वादळ झालं. गच्चीवरची पाण्याची टाकी लोखंडी स्टँडसकट आडवी झाली. नळाला पाणी सहा दिवसांनी येतं आणि काल सहावा दिवस होता, म्हणून टाकी रिकामी होती. भरलेली असती तर जागची हलली नसती. स्टँडचा एक पाय छतात घुसला आणि वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत छताचं प्लॅस्टर धाडकन खाली आलं. मागोमाग गारा, मग पाणी.

ती बायकोची, अनसूयाची, शिवणाची खोली. तीन मशिनी, टेबल, आणि शाळेच्या गणवेशाचं कापड. दोनशे जोड तिला दहा जूनपर्यंत द्यायचे आहेत. वयाच्या बासष्टाव्या वर्षी ही हौस! तिच्याकडे शिवायला येणाऱ्या बायका पाच वाजता घरी गेल्या होत्या, त्यामुळे कुणाला लागलं नाही. अनसूयानं वर जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "मशिनी वाचल्या." छताबद्दल अवाक्षर नाही.

शेजारचे तात्यासाहेब सांत्वनाला आले. आपल्या पत्र्यांना काहीही झालं नाही, हे तीनदा सांगून चहा पिऊन गेले.

मी मात्र शांत आहे. निवृत्त झालो त्याच वर्षी घराचा विमा काढला. नऊ वर्षं एक दिवस न चुकता हप्ता भरला. आता कंपनीची पाळी.

३० एप्रिल, रविवार

मुकुंद आला होता. हा अनसूयाच्या बहिणीचा, दमयंतीचा, मुलगा. विम्याचा एजंट. याच्याकडूनच पॉलिसी घेतली. मला वाटलं, फॉर्म घेऊन आला असेल. महाराज हात हलवत आले.

म्हणाला, "काका, क्लेम करू नका."

नऊ वर्षांपूर्वी ज्यानं "काका, विमा करा, विमा करा" म्हणून डोकं खाल्लं, तोच हा! मग त्यानं समजावलं. आपण नऊ वर्षं काही मागितलं नाही म्हणून हप्त्यात सूट आहे. एकदा मागितलं की ती सूट गेली. वर पुढची तीन वर्षं हप्ता चढाच राहणार. गवंड्यानं अडतीस हजार सांगितलेत, पण कंपनी घसारा काढणार, पहिले पाच हजार आपल्यावर टाकणार, उरेल ते देणार. "लहान नुकसान आपणच गिळायचं काका. विमा मोठ्या संकटासाठी ठेवायचा."

म्हणजे छत्री घ्यायची, नऊ वर्षं भाडं भरायचं, आणि पाऊस आला की काखेत मारून भिजत घरी जायचं. मी त्याला हेच म्हणालो. तो हसला. एजंटाला हसायचे पैसे वेगळे मिळत असावेत.

अनसूया म्हणाली, "त्याचं ऐका ना. माझ्या भिशीचे पैसे आलेत. उद्या गवंडी लावू. मला खोली लवकर हवीय."

भिशी! सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसानं बायकोच्या भिशीवर छत दुरुस्त करायचं? मुद्दा पैशाचा नाहीच. हक्काचा आहे. मी क्लेम करणार.

मुकुंद जाता जाता म्हणाला, "मग निदान फोटो काढा आणि खोली साफ करून घ्या." याला कायद्याचं काडीचं ज्ञान नाही. पाहणी होईपर्यंत ढिगाऱ्याला हात लावायचा नसतो. मी मंडळ अधिकारी होतो. गारपीट, पूर, आग, माझ्या हातून किती हजार पंचनामे झाले त्याची गणती नाही. पुरावा हलवला की दावा गेला, हे मी लोकांना शिकवलं आहे.

संध्याकाळी खोलीच्या दाराला सुतळी बांधून लाखेची मोहोर लावली. लाखेची कांडी कपाटात होती. हात अजून थरथरत नाही, मोहोर सुरेख उमटली. अनसूया मागे उभी होती. म्हणाली, "कापड आत आहे." म्हटलं, असू दे. तेही नुकसानीत दाखवू.

३ मे, बुधवार

दोन दिवस बसून पंचनामा लिहिला. सात पानं. चतुःसीमा, छताची लांबी-रुंदी, भेगेची लांबी, टाकीचं वय, वाऱ्याची दिशा. कंपनीच्या फॉर्मात नुकसानीच्या वर्णनाला दोन ओळींची जागा आहे. दोन ओळींत दाढदुखीसुद्धा मावत नाही.

पंचनाम्यात एक ओळ अशी लिहिली: "सदर छतास सन २०१९ पासून केसाएवढी भेग होती, तिचा प्रस्तुत नुकसानीशी संबंध नाही." मुकुंदला फोनवर वाचून दाखवलं तर तो ओरडलाच. "काका, हे कशाला लिहिता? कुणी विचारलंय?" यालाच मी म्हणतो एजंटी अक्कल. पंचनाम्यात खरं ते सगळं लिहायचं असतं.

पंच मात्र मिळेनात. तात्यासाहेबांना सहीची भीती वाटते. समोरच्या इंजिनिअरला वेळ नाही. शेवटी कडूबाला निरोप धाडला. कडूबा म्हणजे खुलताबादकडच्या एका गावचा कोतवाल. माझ्या हाताखाली बारा वर्षं पंचनाम्याला असायचा. टेप धरायचा, लोकांना मागं सारायचा, आणि मी नजर टाकली की बरोबर तेच बोलायचा जे बोलायला हवं. आता म्हातारा झालाय, पण असा माणूस शहरात दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही.

त्याच्यावरून आठवलं. २०१४ च्या गारपिटीत त्याचं स्वतःचं घरही पडलं होतं. पंधरा टक्के पडझड असेल तर सरकारी मदत मिळायची, त्याखाली काही नाही. मी चौदा टक्के लिहिले. आपल्याच कोतवालाला साहेबानं पैसे दिले, असं कुणी म्हणायला नको. कडूबानं त्या कागदावर मुकाट्यानं अंगठा दिला. निःपक्षपातीपणा म्हणतात तो हा. आजकालच्या कंपन्यांना यातलं काय कळणार!

६ मे, शनिवार

कडूबा आला. सारजाबाईनं, त्याच्या बायकोनं, कैऱ्या दिल्या होत्या पिशवीभर. सात पानं त्याला वाचून दाखवली. मान डोलवत ऐकली. मग म्हणाला, "साहेब, किती टक्के लिवलं?"

म्हटलं, इथं टक्के नसतात कडूबा, ही कंपनी आहे.

"मंग बरं हाय," म्हणाला आणि अंगठा दिला.

अनसूयानं त्याला जेवायला वाढलं. तो स्वयंपाकघराच्या छताकडे बघत जेवत होता. तिनं विचारलं, "तुमचं घर कसं आहे आता?" तो म्हणाला, "हाय की उभं." मी मध्येच बोललो, कारण माणूस जेवत असताना असले प्रश्न विचारू नयेत.

११ मे, गुरुवार

कंपनीचा सर्व्हेअर अजून आला नाही. फोन केला की एक बाई गाणं ऐकवते आणि मध्येच सांगते, आपला कॉल महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा असता तर उचलला असता.

अनसूयानं एक मशीन खालच्या बैठकीत आणवून घेतली होती, वादळ झालं त्याच रात्री. तिच्यावर बसते. पण शिवणार काय? कापड वर. आज दुपारी म्हणाली, "अहो, दार उघडून फक्त कापड काढते. दहा मिनिटं."

मी म्हटलं, मोहोर मोडली तर सात पानं वाया.

"ओलं आहे ते. गारांचं पाणी आत गेलंय. चौदा दिवस झाले."

मी म्हटलं, चौदा म्हणजे काही फार नाही. ती उठून आत गेली. बायकांना कार्यपद्धती समजावणं अवघड असतं. दाराच्या फटीतून खरंच वास येतो आहे. नुकसानीच्या यादीत "कापड, कुबट" असं वाढवलं.

१६ मे, मंगळवार

आला एकदाचा सर्व्हेअर. तिशीतला मुलगा, पांढरेशुभ्र बूट, हातात टॅब. मी कडूबाला सकाळीच बोलावून ठेवलं होतं. पंचांसमक्ष मोहोर तोडली. आतून असा भपकारा आला की सर्व्हेअरनं नाकाला रुमाल लावला आणि उंबऱ्यावरच थांबला. तिथूनच मान वर करून छत पाहिलं. चार फोटो काढले.

मी शिडी दाखवली. म्हटलं, वर चला, स्टँड कुठं घुसला ते दाखवतो. टाकी तशीच आडवी ठेवली आहे.

"अंकल, जरूरत नहीं," म्हणाला. "यहाँ से दिख रहा है."

छत खालून दिसतं! मग बैठकीत बसून चहा प्याला. माझी सात पानं चाळली. पहिली दोन उलटली आणि नेमका २०१९ च्या भेगेपाशी थांबला. हसलासुद्धा. मग कडूबाकडे वळला. "चाचा, ये दरार पहले से थी क्या?"

मी कडूबाकडे पाहिलं. म्हणजे नुसतं पाहिलं. आणि कडूबा, बारा वर्षं ज्याला मी घडवला तो कडूबा, हात जोडून म्हणाला:

"व्हय साहेब. भेग आधीचीच हाय. वारं निमित्त झालं, घर आधीच खचल्यालं व्हतं."

हे वाक्य माझं! शेकडो वेळा त्याच्या तोंडून वदवून घेतलेलं. शेतकरी ऊर बडवत नुकसान फुगवून सांगायचे तेव्हा मी नजर टाकायचो आणि कडूबा हे म्हणायचा, मग टक्के आपोआप खाली यायचे. मूर्खानं ते माझ्याच घरात, माझ्याच विरुद्ध म्हटलं. आणि म्हणून झाल्यावर माझ्याकडे असा बघतो, की बरोबर बोललो ना साहेब?

सर्व्हेअरनं टॅबवर बोट फिरवलं आणि उठला.

कापडाचं विचारलं, तर म्हणे धंद्याचा माल घराच्या पॉलिसीत येत नाही. अनसूयानं ऐकलं. वर जाऊन एकेक गठ्ठा तिनं खाली आणला. पांढऱ्या कापडावर काळे ठिपके. धुऊन जातील, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "बुरशी जात नाही."

६ जून, मंगळवार

कंपनीचा ई-मेल. मंजूर रक्कम सहा हजार दोनशे. कारणं: घसारा, पूर्वीपासूनचा दोष, पॉलिसीधारकाचा पहिला हिस्सा. "पूर्वीपासूनचा दोष" यापुढे कंसात "पॉलिसीधारकाचे स्वतःचे निवेदन व साक्षीदार" असं लिहिलं आहे. निर्लज्ज लोक.

अनसूयानं शाळेला कापडाचे पैसे भरून दिले, भिशीतून. काम हातचं गेलं. शाळेनं दुसऱ्याला दिलं. मी विषय काढला नाही. खोलीत गवंडी लावला आहे, पैसे तिनंच दिले. पण मशिनी मात्र तिनं टेम्पोत घालून गुलमंडीच्या बाजारात नेल्या. दमयंतीच्या कापडाच्या दुकानावर एक खोली रिकामी होती. रोज दहाला जाते, सातला येते. म्हणे, तिथं गिऱ्हाईक जास्त. चार दिवसांत कंटाळेल आणि परत येईल. खोली तोवर तयार होईल.

घरात मशीनचा आवाज नाही. नऊ-दहा वर्षं त्या खटखटीनं माझी दुपारची झोप मोडायची. आता झोप लागत नाही ती उन्हाळ्यामुळे.

११ जुलै, मंगळवार

विम्याच्या नूतनीकरणाचं पत्र आलं. मागच्या वर्षी हप्ता तीन हजार नऊशे. यंदा सात हजार तीनशे. नऊ वर्षांची सूट गेली, वर "दाव्याचा इतिहास" म्हणून चढ. इतिहास! नऊ वर्षं मागितलं नाही तो इतिहास नव्हे, एकदा हात पसरला तो इतिहास.

वर्षाला चौतीसशे जास्त. तीन वर्षांचे दहा हजार दोनशे. मिळाले सहा हजार दोनशे. म्हणजे छत माझं फुटलं आणि चार हजार मीच कंपनीला द्यायचे. मुकुंदनं हेच सांगितलं होतं. पण मुकुंदनं सांगितलं म्हणून एखादी गोष्ट खरी ठरावी, यासारखी दुसरी नामुष्की नाही. त्याला फोन केला नाही. अनसूयाला सांगितलं, तर म्हणाली, "वीस तारखेच्या आत भरायला हवं. पावसाळा आहे."

भरणार नाही. तक्रारीचं पत्र लिहायला घेतलंय. सुरुवात चांगली साधली आहे: "महोदय, जो माणूस शिडीची पहिली पायरीही चढला नाही, त्याने छताविषयी मत देणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय. स्वतःच्या डोळ्यांनी न पाहता दुसऱ्याचे नुकसान ठरवणाऱ्यास हे काम करण्याचा नैतिक अधिकार नाही." दोनदा मोठ्यानं वाचलं. ऐकायला घरात कुणी नव्हतं.

पत्रासोबत कडूबाचा सुधारित जबाब हवा. भेग नवीनच होती, घाबरून चुकीचं बोललो, असा. शनिवारी जाऊन घेऊन येतो.

१५ जुलै, शनिवार

बसनं खुलताबाद, तिथून रिक्षा. पाऊस. कडूबाचं घर गावाच्या टोकाला. बारा वर्षं माझ्या मागं फिरला, पण त्याच्या घरी मी कधी गेलो नव्हतो.

मागची भिंत नाही. म्हणजे अर्धी आहे. उरलेल्या जागी पत्रे, त्यांना बाभळीचे टेकू. मी विचारलं, हे कधी झालं? मला वाटलं, यंदाच्या वादळात.

सारजाबाई चहा गाळत होती. म्हणाली, "कवा म्हंजी? तुमीच तर लिवलं व्हतं की साहेब. चवदा टक्के."

मी म्हटलं, मी पाहणी केली तेव्हा एवढी पडझड नव्हती. नंतर पडली असेल.

"तुमी कवा पाहनी केली?" तिनं कप माझ्यापुढं ठेवला. आवाज चढवला नाही. "गाडीतनं उतरलाच नाय तुमी. काच खाली केली अन् ह्यांला इचारलं, कडूबा, तुजं किती पडलं रं? ह्ये तर तुमचंच मानूस, ह्ये काय बोलनार? भेग आधीचीच हाय म्हनले. तुमी लिवलं अन् गेलात."

"गप बस," कडूबा म्हणाला तिला.

मी उतरलो होतो. तसं तिला स्पष्ट सांगितलं. पंचनामा न उतरता होत नाही, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं आहे. अडाणी बाई, नऊ वर्षांपूर्वीचं तिला काय आठवणार! कुणाची तरी गाडी कुणाच्या तरी नावावर खपवते.

कडूबानं जबाब ऐकूनही घेतला नाही. "कुटं द्यायचा अंगठा साहेब?" एवढंच विचारलं. दिला. मला पोचवायला रिक्षापर्यंत आला, डोक्यावर पोतं घेऊन. म्हणाला, "तवा मी चुकलो साहेब. तुमी माज्याकडं बघितलं, मला वाटलं नेहमीसारखंच म्हनायचंय."

चहाला साखर जास्त होती. बसमध्ये खिडकी बंद होत नव्हती. आख्खा रस्ता भिजलो.

१६ जुलै, रविवार

सारजाबाईचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून २०१४ ची डायरी काढली. मी नोकरीतला एकही दिवस लिहायचा ठेवलेला नाही. पुरावा म्हणून ते पान तिला नेऊन दाखवणार होतो.

जसंच्या तसं उतरवतो:

"१२ मार्च, बुधवार. पाऊस चालूच. तहसीलची जीप मिळाली, हे बरं झालं. चिखल फार. तेरा घरांची पाहणी जीपमधूनच उरकली. कडूबाचे १४ टक्के धरले. दुपारी तहसीलमध्ये गरम भजी. बूट कोरडे राहिले."

एवढंच आहे. अक्षर माझंच आहे. तेव्हा अक्षर फार वळणदार होतं.

तेरा घरं. कडूबाचं एक. बाकीची बारा कुणाची ते लिहिलेलं नाही.

तक्रारीचं पत्र टेबलावर होतं. त्याची पहिली ओळ पुन्हा वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पत्र फाडलं, कडूबाचा जबाबही फाडला. मला लाज वाटते आहे. हे वाक्य मी या डायरीत पूर्वी कधी लिहिल्याचं आठवत नाही.

अनसूया घरी होती, रविवार म्हणून. विम्याचा हप्ता तिनं परवाच भरून टाकलाय, सात हजार तीनशे. मला आज सांगितलं. मग तिच्यासमोर बसून २०१४ चं ते पान वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीपर्यंत.

तिनं हातातली सुई खाली ठेवली.

"ते बूट मीच पुसायला घेतले होते," ती म्हणाली. "तळव्यालासुद्धा चिखल नव्हता. मला वाटलं, तुम्ही त्या दिवशी गेलाच नाहीत."

मी म्हटलं, गेलो होतो.

ती पुढं काही विचारेल म्हणून थांबलो. तिनं सुई उचलली आणि काज करायला लागली.